आहारातील मीठ : स्रोत, मोजमाप व समाजव्यापी कपात

प्रास्ताविक

कोणतेही मराठी पाककृतीचे पुस्तक उघडले तर साहित्याच्या यादीत डाळ, तांदूळ, तेल यांची मापे दिलेली असतात. मिठासमोर मात्र 'चवीपुरते' एवढाच शब्द असतो. स्वयंपाकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण प्रत्येक घरची चव निराळी असते. परंतु आरोग्याच्या दृष्टीने विचार केला तर याच शब्दात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. चव ही सवयीने घडते आणि सवय ही एकट्या माणसाची नसून घराची, गावाची व बाजाराची असते. 'चवीपुरते' म्हणजे प्रत्यक्षात किती ग्रॅम, हे बहुतेक घरांत कधीही मोजले गेलेले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही मर्यादा सांगितली. याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सरासरी सेवन दिवसाला १०.८ ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांचे सरासरी सेवन सुमारे ८ ग्रॅम आढळले. स्त्रियांपेक्षा पुरुषांचे सेवन अधिक होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २० वर्षांवरील सुमारे ३५ टक्के भारतीयांना उच्च रक्तदाब आहे. उच्च रक्तदाबाला वय, वजन, आनुवंशिकता, तंबाखू, मद्य अशी अनेक कारणे असली तरी मीठ हे त्यातील असे कारण आहे की जे संपूर्ण समाजात, कमी खर्चात व औषधाविना बदलता येते.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे : आहारातील मीठ नेमके कोठून येते, ते कमी करण्यासाठी वेगवेगळ्या देशांनी काय केले, आणि आपल्या ताटाच्या बाबतीत त्यातून काय शिकता येते. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, मीठ कमी करण्याचा उपाय हा मिठाच्या स्रोतावर अवलंबून असतो. एका देशात यशस्वी झालेला उपाय स्रोत न पाहता दुसरीकडे लावल्यास तो वाया जातो.

मीठ आणि सोडियम

मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. त्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के सोडियम व उरलेले क्लोरीन असते. रक्तदाबाशी मुख्यतः सोडियमचा संबंध असल्याने वैद्यकीय लेखनात व वेष्टनांवर सोडियमचे आकडे दिलेले असतात, तर घरात आपण मिठाची भाषा बोलतो. या दोहोंची सांगड घालण्यासाठी एक सोपे सूत्र लक्षात ठेवावे : सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५००० मिलिग्रॅम, अर्थात ५ ग्रॅम मीठ. चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ साधारण ५ ते ६ ग्रॅम भरते. म्हणजे दिवसभराच्या सर्व पदार्थांतील मीठ मिळून एका चमच्याच्या आत राहिले पाहिजे.

सोडियम केवळ मिठातूनच येते असे नाही. दूध, मांस, मासे, पालेभाज्या यांत ते निसर्गतः थोडे असतेच. खाण्याच्या सोड्यात वजनाच्या सुमारे २७ टक्के सोडियम असते. पापडखार, बेकिंग पावडर, अजिनोमोटो या नावाने ओळखले जाणारे मोनोसोडियम ग्लुटामेट, तसेच टिकाऊपणासाठी वापरले जाणारे काही क्षार यांतूनही सोडियम पोटात जाते. यातील बरेच पदार्थ जिभेला खारट लागत नाहीत. त्यामुळे 'मला खारट आवडत नाही, म्हणून माझ्या पोटात मीठ कमी जाते' हा समज फसवा ठरतो.

शरीराला सोडियम आवश्यक आहे. पेशींबाहेरील द्रवाचे प्रमाण राखणे, मज्जातंतूंचे संदेशवहन व स्नायूंचे आकुंचन यांसाठी ते लागते. परंतु ही गरज रोजच्या सेवनापेक्षा पुष्कळच कमी आहे. जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ते पूर्णपणे साधले नाही की शरीरात पाणी धरून ठेवले जाते, रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो व दाब चढतो. दीर्घकाळ चढलेला दाब रक्तवाहिन्यांच्या भिंती, हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांना इजा करतो. फळे, भाज्या व डाळी यांतून मिळणारे पोटॅशियम याच्या उलट, सोडियम बाहेर टाकण्यास मदत करते. अमेरिकेत ४१२ व्यक्तींवर झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात (२००१) नेहमीचाच आहार ठेवून केवळ सोडियम उच्च पातळीवरून कमी पातळीवर आणले असता वरचा रक्तदाब सरासरी ६.७ मिलिमीटरने उतरला.

सेवन मोजायचे कसे?

माणसाला विचारून मिठाचे सेवन कळत नाही. किती पोळ्या खाल्ल्या हे आठवते, आमटीत किती मीठ होते हे खाणाऱ्याला ठाऊकच नसते. म्हणून चोवीस तासांची संपूर्ण लघवी गोळा करून तीतील सोडियम मोजणे ही पद्धत सर्वांत विश्वसनीय मानली जाते, कारण खाल्लेल्या सोडियमपैकी बहुतांश लघवीवाटे बाहेर पडते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' अभ्यासात ३२ देशांतील ५२ केंद्रांवरील दहा हजारांहून अधिक लोकांचे सेवन याच पद्धतीने मोजले गेले. भारतातील दिल्ली व लडाख ही केंद्रे त्यात होती. ब्राझीलच्या जंगलातील यानोमामी लोक जवळजवळ मीठ खातच नाहीत. त्यांचा रक्तदाब कमी असून वाढत्या वयाबरोबर तो चढत नाही, असे त्यात दिसून आले.

ही पद्धत किती मीठ खाल्ले हे सांगते, पण ते कोठून आले हे सांगत नाही. त्यासाठी संशोधकांनी निराळी युक्ती केली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात घरातील मिठाला लिथियमची खूण लावून दिली गेली. लघवीत जेवढे लिथियम सापडले त्यावरून घरात घातलेल्या मिठाचा वाटा काढता आला. तो केवळ १५ टक्क्यांच्या आसपास निघाला. बाकीचे बहुतेक मीठ कारखान्यातून आलेल्या अन्नात आधीच घातलेले होते. ताटावर मीठ भुरभुरणाऱ्या माणसाला दोष देऊन ब्रिटनचा प्रश्न सुटणार नव्हता, हे या प्रयोगाने स्पष्ट केले.

चार देशांचे चित्र

स्रोतांचा तौलनिक विचार करण्यासाठी चीन, जपान, ब्रिटन व अमेरिका या चार देशांत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेला 'इंटरमॅप' अभ्यास फार उपयुक्त आहे. चाळीस ते एकोणसाठ वयोगटातील स्त्री-पुरुषांच्या आहाराचे हे विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

चीनमध्ये सुमारे ७६ टक्के सोडियम घरी स्वयंपाक करताना घातलेल्या मिठातून येत होते. जपानमध्ये सोया सॉसचा वाटा सुमारे २० टक्के होता. त्याखालोखाल खारवलेले मासे, सूप आणि मुरवलेल्या भाज्या यांचा क्रम लागत होता. ब्रिटनमध्ये सुमारे ९५ टक्के व अमेरिकेत सुमारे ७१ टक्के सोडियम प्रक्रिया केलेल्या अन्नातून येत होते आणि त्यात पाव, इतर धान्यपदार्थ, मांसाचे तयार पदार्थ व चीज यांचा भरणा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाव हा फारसा खारट पदार्थ नाही. शंभर ग्रॅम पावात साधारण १ ग्रॅमच्या वर मीठ असते. लोणच्याच्या तुलनेत हे काहीच नाही. परंतु लोणचे एक फोड खाल्ले जाते आणि पाव तिन्ही वेळा. म्हणून एखादा पदार्थ किती खारट आहे यावर त्याचा वाटा ठरत नाही. खारटपणा आणि खाल्ले जाणारे प्रमाण या दोहोंचा गुणाकार महत्त्वाचा असतो.

देशोदेशीचे प्रयत्न

जपान : जपानच्या ईशान्येकडील आकिता भागात हिवाळ्यात बर्फामुळे ताज्या भाज्या मिळत नसत. मिठात मुरवलेल्या भाज्या, खारे मासे व मिसो सूप यांवर गुजराण होई. १९५० च्या दशकात तेथील सेवन दिवसाला २५ ग्रॅमच्या घरात होते आणि मेंदूतील रक्तस्रावाने होणारे मृत्यू फार होते. पुढे घरोघरी शीतकपाटे आली, टिकवण्यासाठी मिठाची गरज उरली नाही, आरोग्यसेवकांनी गावोगाव प्रबोधन केले व रक्तदाबाची तपासणी सुरू झाली. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत जपानचे सरासरी सेवन सुमारे १० ग्रॅम होते. मर्यादेच्या दुप्पट असले तरी घट मोठी आहे. २०२० पासून तेथे वेष्टनावर सोडियमऐवजी 'मिठाइतके प्रमाण' छापणे बंधनकारक आहे. त्यामुळे ग्राहकाला गुणाकार करावा लागत नाही.

फिनलंड : हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंमुळे पूर्व फिनलंडमध्ये १९७२ साली उत्तर करेलिया प्रकल्प सुरू झाला. पेक्का पुस्का हे त्याचे प्रमुख होते. मीठकपात हा त्यातील पुढे जोडला गेलेला भाग. १९९३ पासून पाव, सॉसेज, चीज आदी पदार्थांत ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक मीठ असल्यास वेष्टनावर तसा इशारा छापणे आवश्यक झाले. आपल्या मालावर 'अतिखारट' असा शिक्का कोणत्याच उत्पादकाला नको होता. त्यामुळे अनेकांनी मीठच कमी केले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १२ ग्रॅम असलेले सेवन २००२ पर्यंत ९ ग्रॅमच्या आसपास आले.

ब्रिटन : येथील अन्न मानके संस्थेने २००३-०४ पासून मोहीम हाती घेतली व २००६ मध्ये ऐंशीहून अधिक खाद्यप्रकारांसाठी मिठाची उद्दिष्टे जाहीर केली. उद्दिष्टे ऐच्छिक होती, पण त्यांवर देखरेख होती आणि ती टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. सरासरी सेवन २०००-०१ मधील ९.५ ग्रॅमवरून २०११ मध्ये ८.१ ग्रॅमवर आले. त्यानंतर देखरेख सैल झाली व २०१८-१९ मध्ये इंग्लंडचे सेवन ८.४ ग्रॅम आढळले. उद्योगाच्या स्वेच्छेवर विसंबलेला उपाय देखरेख असेपर्यंतच टिकतो, हा त्यातील बोध होय.

दक्षिण आफ्रिका : या देशाने स्वेच्छेची वाट न पाहता २०१३ मध्ये कायदा केला. जून २०१६ पासून शंभर ग्रॅम पावात ४०० मिलिग्रॅम व जून २०१९ पासून ३८० मिलिग्रॅम सोडियम ही कमाल मर्यादा झाली. तयार सूप, खारे खाद्यपदार्थ, मांसाचे पदार्थ यांनाही मर्यादा लागू झाल्या.

चीन : येथे मीठ घरातच घातले जात असल्याने पावाच्या कारखान्यांवर नियम करून उपयोग नव्हता. म्हणून मीठच बदलून पाहण्यात आले. पाच प्रांतांतील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला एक मोठा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक एकतर पूर्वी पक्षाघात झालेले, अथवा साठी ओलांडलेले व उच्च रक्तदाब असलेले होते. निम्म्या खेड्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराईड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असे पर्यायी मीठ देण्यात आले. सुमारे पावणेपाच वर्षांत त्या खेड्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्के व मृत्यूचे प्रमाण १२ टक्के कमी राहिले. स्वयंपाकाची पद्धत तीच, हात तोच, बरणी तीच राहिली आणि फक्त बरणीतील मीठ बदलले.

या पाच देशांचे अनुभव एकत्र पाहिले तर लेखाचे मूळ प्रतिपादन स्पष्ट होते. जेथे मीठ कारखान्यातून येते तेथे कारखान्याला नियम लावावा लागतो. जेथे ते टिकवण्यासाठी लागते तेथे टिकवण्याचे दुसरे साधन द्यावे लागते. आणि जेथे ते घरातून येते तेथे घरातील सवय तरी किंवा घरातील मीठ तरी बदलावे लागते.

भारतीय ताट

भारतातील उपलब्ध अभ्यासांनुसार आपल्या आहारातील निम्म्याहून अधिक सोडियम घरी घातलेल्या मिठातून येते. म्हणजे आपले चित्र ब्रिटनपेक्षा चीनच्या जवळचे आहे. मात्र ते झपाट्याने बदलत आहे.

मराठी ताटाची रचना पाहू. भात शिजवताना मीठ, कणीक मळताना मीठ, आमटीत व भाजीत मीठ. आणि एवढे करून ताटाच्या डाव्या बाजूला वरून घ्यायचे मीठ, चटणी, लोणचे, पापड. पारंपरिक लोणच्यात मिठाचे प्रमाण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, नाहीतर ते टिकत नाही. दहा ग्रॅमच्या एका फोडीतून सुमारे १ ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा पोटात जातो. पूर्वीच्या काळी डाव्या बाजूचे हे पदार्थ नाममात्र वाढले जात. आज लोणचे वाडग्यात ठेवून चमच्याने घेतले जाते, हा फरक लहान नाही.

ठिकठिकाणच्या मराठी कुटुंबांत हा स्रोत स्थानिक बाजाराप्रमाणे बदलतो. इंदुरात सकाळच्या पोह्यांवरही शेव लागते व नमकीन हा रोजच्या खाण्याचा भाग असतो. बडोद्यात शेव-उसळ आहे. गोव्यात सकाळ-संध्याकाळ पाव आणि पावसाळ्यासाठी साठवलेले खारे, सुके मासे आहेत. बेळगावकडे भाकरीबरोबर शेंगदाण्याची सुकी चटणी असते. हैदराबादेत चहाबरोबर बेकरीची गोडसर-खारी बिस्किटे असतात. म्हणून 'लोणचे-पापड टाळा' हा एकच उपदेश सर्वत्र पुरा पडणार नाही. प्रत्येक घराने आपला मुख्य स्रोत शोधला पाहिजे.

हा शोध प्रयोगशाळेविना, साध्या हिशेबाने करता येतो. घरात चार प्रौढ माणसे आहेत आणि एक किलो मिठाची पिशवी तीस दिवसांत संपते असे समजू. १००० ग्रॅमला ३० ने व पुन्हा ४ ने भागले असता दर माणशी दिवसाला सुमारे ८.३ ग्रॅम येतात. भाताच्या पेजेबरोबर गेलेले, मासे धुण्यास वापरलेले, टाकलेल्या अन्नातील मीठ यातून थोडे वजा करावे लागेल; पण बाहेरचे पाव, फरसाण, बिस्किटे यांतील मीठ त्यात मिळवावेही लागेल. ५ ग्रॅमच्या मर्यादेत राहायचे असेल तर चार माणसांना तीच पिशवी किमान ५० दिवस पुरली पाहिजे. बाहेरचे खाणे असेल तर त्याहूनही अधिक दिवस.

बाहेरच्या पदार्थांसाठी वेष्टन वाचण्याची सवय हवी. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार पोषणमूल्यांच्या तक्त्यात सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये द्यावा लागतो. समजा, झटपट शेवयांच्या एका पाकिटातून ८०० मिलिग्रॅम सोडियम मिळते असे तक्त्यावरून निघाले, तर अडीचने गुणून २००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम मीठ होते. लहान मुलाच्या मधल्या वेळच्या एका वाडग्यात हे मीठ असते. आकडा 'दर १०० ग्रॅमला' आहे की 'दर वाढणीला', हेही पाहावे, कारण बरेचदा घोटाळा तेथेच होतो. सुट्या फरसाणाला व बेकरीच्या मालाला वेष्टनच नसते, ही आपल्याकडील मोठी अडचण आहे.

काही समजुती

पहिली समजूत सैंधवाविषयी. सैंधव हे खाणीतून मिळणारे मीठ असले तरी तेही जवळजवळ संपूर्ण सोडियम क्लोराईडच असते. काळे मीठ, खडे मीठ, गुलाबी मीठ यांची चव वा रंग निराळा असेल, पण रक्तदाबाच्या दृष्टीने ते मीठच होय. 'सैंधव चालते' म्हणून मोकळ्या हाताने घालणाऱ्याचे सेवन कमी होत नाही. शिवाय अशा अनेक मिठांत आयोडीन नसते.

दुसरी शंका आयोडीनविषयी. मीठ कमी केले तर गलगंड होईल का? आयोडीनची गरज फार सूक्ष्म असते. मीठ हे ते पोहोचवण्याचे केवळ वाहन आहे. लोकांचे सेवन कमी झाल्यास मिठातील आयोडीनचे प्रमाण वाढवता येते. दोन्ही कार्यक्रम एकमेकांना छेद देत नाहीत, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. घरापुरते सांगायचे तर जे थोडे मीठ वापरायचे ते आयोडीनयुक्त असावे.

तिसरा मुद्दा पोटॅशियमयुक्त पर्यायी मिठाचा. चीनमधील निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी हे मीठ सरसकट सर्वांसाठी नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या, तसेच पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची सशर्त शिफारस केली, परंतु गरोदर स्त्रिया, मुले व मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना तीतून वगळले. आपल्याकडे मधुमेह व त्यामुळे होणारा मूत्रपिंडाचा विकार अनेकांना असतो आणि तो बरेचदा उशिरा कळतो. म्हणून डॉक्टरांना विचारूनच हे मीठ वापरावे. त्याची किंमत साध्या मिठापेक्षा जास्त असल्याने गरीब घरांपर्यंत ते अद्याप पोहोचत नाही, हेही खरे.

मतभेदांचा उल्लेख

या विषयात मतभेद नाहीत असे म्हणणे योग्य होणार नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील 'प्युअर' या अभ्यासात फार कमी सेवन असलेल्यांतही धोका अधिक दिसला व त्यामुळे ५ ग्रॅमच्या मर्यादेवर प्रश्न उपस्थित झाले. त्यावर प्रमुख आक्षेप असा की, त्यात चोवीस तासांची लघवी न घेता सकाळच्या एका नमुन्यावरून सूत्राने सेवन अंदाजले होते. शिवाय आजारी माणूस मुळात कमी खातो, त्यामुळे कमी मीठ हे आजाराचे कारण नसून परिणामही असू शकते. वाद मुख्यतः खालच्या मर्यादेचा आहे. अधिक मीठ रक्तदाब वाढवते, याविषयी फारसा वाद नाही. आठ-दहा ग्रॅम खाणाऱ्या समाजाला प्रथम वरून खाली यायचे आहे. मात्र जुलाब-उलट्यांत जलसंजीवनी देताना, तसेच डॉक्टरांनी मीठ कमी न करण्यास सांगितले असताना या लेखातील सूचना लागू करू नयेत.

शाळा व वसतिगृहे : एक संधी

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. मोजक्या अतिधोक्यातील रुग्णांना वाचवण्यापेक्षा संपूर्ण समाजाचा धोका थोडासा खाली आणल्याने एकूण आजार अधिक टळतात. थोडासा बदल, पण सर्वांत, हे सूत्र जेथे एकाच भांड्यात अनेकांचे अन्न शिजते तेथे सर्वांत सहज लागू होते.

शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने दोन प्रयोग विशेष उल्लेखनीय आहेत. चीनमधील चांगझी येथे २८ प्राथमिक शाळांत पाचवीच्या मुलांना मिठाविषयी शिकवले गेले व घरच्या मोठ्यांना समजावण्याचे काम त्यांच्यावर सोपवले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हे शिक्षण न मिळालेल्या शाळांच्या तुलनेत या मुलांचे सेवन दिवसाला १.९ ग्रॅमने व त्यांच्या घरच्या प्रौढांचे २.९ ग्रॅमने कमी झाले. वैद्यांचा सल्ला जो बदल घडवत नाही तो नातवंडाच्या आग्रहाने घडू शकतो, असे यातून दिसते.

दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातील आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पावातील मीठ दर आठवड्याला ५ टक्के याप्रमाणे सहा आठवड्यांत एक चतुर्थांश कमी केले गेले आणि खाणाऱ्यांना फरक जाणवला नाही. जीभ सवय सोडते, परंतु हळूहळू. एकदम मीठ निम्मे केले तर जेवण अळणी लागते, मुले ताटातच लोणचे ओतून घेतात व प्रयोग फसतो.

हा अनुभव वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात असा वापरता येईल. शंभर विद्यार्थ्यांच्या खानावळीत दिवसाला एक किलो मीठ लागत असेल, तर दर विद्यार्थ्यामागे १० ग्रॅम होतात. प्रथम आठवडाभर मीठ 'अंदाजाने' न घालता तराजूने मोजून नोंदवावे. नंतर दर आठवड्यास रोजच्या मापातून ५० ग्रॅम कमी करावेत. पाच आठवड्यांत रोजचे माप ७५० ग्रॅमवर येईल. प्रारंभ भात व पोळीच्या पिठापासून करावा. आमटी-भाजीबरोबर खाताना तेथील मिठाची उणीव भासत नाही. आंबटपणा, ओला मसाला, कोथिंबीर, लिंबू, लसूण यांनी चव भरून काढता येते. मेजावरील मिठाची वाटी व लोणच्याची बरणी मागितल्यावरच द्यावी. एवढ्याने ५ ग्रॅम गाठले जाणार नाहीत, पण दिशा बदलेल आणि त्याची नोंद हाती राहील.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) मिठाचे सेवन आपल्याकडे मर्यादेपेक्षा अधिक आहे व ते मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. (२) कोणता उपाय योजावा हे स्रोतावरून ठरते. भारतात आज स्वयंपाकघर हा मुख्य स्रोत असला तरी बेकरी, फरसाण व वेष्टनबंद पदार्थांचा वाटा वाढत आहे. म्हणून घरातील बदल व उत्पादकांवरील नियम ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील. (३) कपात हळूहळू व सर्वांसाठी एकत्र केली तरच टिकते. घरात एकट्या रुग्णासाठी वेगळे अळणी अन्न शिजवल्यास त्याला ती शिक्षा वाटते आणि बाकीच्यांची सवय तशीच राहते. (४) सदस्य राष्ट्रांनी २०१३ मध्ये जागतिक पातळीवर ठरवलेले ३० टक्के कपातीचे उद्दिष्ट २०२५ पर्यंत गाठले गेले नाही व त्याची मुदत २०३० पर्यंत वाढवली गेली आहे. केवळ घोषणा पुरत नाहीत, असाच याचा अर्थ आहे.

प्रारंभ मात्र अगदी लहान कृतीने करता येईल. पुढची मिठाची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. ती संपेल त्या दिवशी आपल्या घरी 'चवीपुरते' म्हणजे किती ग्रॅम, हे आपल्याला कळलेले असेल.